एमजीबी जीटी: मागून 'खट्ट', आणि पाटेही बसलेत

लेस्टरकर: नमस्कार मंडळी. गाडी १९७२ ची एमजीबी जीटी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, तारांच्या चाकांची. क्लच सोडला किंवा अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की मागून 'खट्ट' होतं. मागचे कमानपाटे (स्प्रिंगचं काम करणाऱ्या पोलादी पट्ट्या) सपाट झालेत. डिफरन्शियल (मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरांचा संच) उतरवावंच लागेल का?

गॅरेजकाका: थांबा, अॅक्सल उतरवू नका! सतत घोंघावत असेल तरच क्राउन-पिनियनवर, म्हणजे डिफरन्शियलच्या मुख्य गिअरजोडीवर, संशय घ्या. नुसतं 'खट्ट' असेल तर बहुतेक आतल्या छोट्या गिअरांमागचे थ्रस्ट वॉशर (गिअर घासू नयेत म्हणून बसवलेल्या चकत्या) झिजलेत. तुमच्या अॅक्सलला मागे झाकण आहे. तेल काढा, झाकण उघडा, दोन्ही हाफ शाफ्ट (चाकांकडे जाणारे दांडे) ओढून काढा, रोल पिन (छोटी अडकवणारी खीळ) ठोकून छोट्या गिअरांमधली आडवी पिन सरकवा. गिअर फिरवत बाहेर येतात. क्राउन व्हीलला हात लावावा लागत नाही. ही रचना मला फार आवडते, गाडीखाली झोपून घरी होणारं काम आहे.

पण त्याआधी चाकं! हबवरचे (चाक ज्यावर बसतं त्या भागावरचे) दाते झिजले तरी हुबेहूब असाच आवाज येतो. चाक जॅकवर घ्या, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक हलवून बघा. प्रोपेलर शाफ्टचे (इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधेही तपासा.

मीरा_पुणे: पाटे जोडीनेच बदला. पाट्यांच्या टोकांच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच पूर्ण आवळा, नाहीतर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं. लिव्हरवाल्या शॉक अॅब्सॉर्बरमधलं तेलही बघून घ्या.

लेस्टरकर: काका, ब्रेक दाबून पाहिलं. डावं चाक हबवर स्पष्ट हलतंय! नवा हब आणि चाक आधी मागवतो. झाकण त्यानंतर.