शेवटाबद्दल बोलायचंच नाही, मग थ्रिलरचं परीक्षण करायचं तरी कशाचं?

पानउलट
थेट मुद्द्यावर येतो. गेल्या काही वर्षांत आलेली थ्रिलर्स भरपूर वाचतोय, त्यांची परीक्षणंही वाचतोय, आणि माझं मत पक्कं होत चाललंय की स्पॉयलर द्यायचा नाही, म्हणजे रहस्य आधीच फोडायचं नाही, या शिष्टाचाराचा सगळ्यात जास्त फायदा वाईट पुस्तकांना होतोय.

कसं ते सांगतो. हल्लीचं थ्रिलर सुरुवातीला फसत नाही. पहिली शंभर पानं बहुतेकांना जमतात. बायको गायब, जुनं घर, कुणीतरी खोटं बोलतंय, छोटी छोटी प्रकरणं आणि प्रत्येकाच्या शेवटी एक हिसका. पुस्तक फसतं ते शेवटच्या साठ-सत्तर पानांत. खुनी असा निघतो की ज्याला खून करायचं काही कारणच नव्हतं, किंवा निवेदक जी गोष्ट तीनशे पानं स्वतःच्या मनातसुद्धा आणत नाही तीच एकदम बाहेर काढतो, किंवा मग खुनीच बंदूक रोखून पानंच्या पानं भाषण देतो आणि सगळा उलगडा स्वतःच करून टाकतो. आणि परीक्षणात काय असतं? "शेवट वाचून थक्क व्हाल, जास्त सांगत नाही." पाच स्टार. म्हणजे पुस्तकाचा जो भाग सगळ्यात जास्त तपासायला हवा तोच भाग कोणी तपासत नाही.

पूर्वी असं नव्हतं. 1926 मध्ये अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' आली तेव्हा बाईंनी वाचकाला फसवलं की नाही यावर जोरदार वाद झाला, रहस्यकथा लिहिणाऱ्याच डोरोथी सेयर्सने ख्रिस्तीची बाजू घेतली, वाचकाने सगळ्यांवरच संशय घ्यायचा असतो असं तिचं म्हणणं. 1928 मध्ये व्हॅन डाइन या रहस्यकथाकाराने रहस्यकथेचे वीस नियम लिहिले, 1929 मध्ये रोनाल्ड नॉक्स या दुसऱ्या रहस्यकथाकाराने दहा. नॉक्सचे बघा: खुनी सुरुवातीच्या भागातच कथेत आलेला असावा, डिटेक्टिव्हला सापडलेला धागा वाचकालाही दिसावा, जुळे भाऊ आधी कल्पना दिल्याशिवाय आणू नयेत. हे सगळे नियम शेवटी येऊनच कसाला लागतात. शेवटाला हातच लावायचा नाही म्हटलं तर पुस्तकाने यातला कुठला मोडला हे सांगणार कसं?

माझं म्हणणं एवढंच की परीक्षणात वर ठळक इशारा द्या आणि खाली शेवटाची नीट चिरफाड करा. ज्याला नको तो वाचणार नाही.

निशाचर
पूर्ण असहमत. पहिलं वाचन एकदाच मिळतं. दुसऱ्यांदा वाचताना लेखकाची कारागिरी दिसते, मान्य, पण तो आनंद कोणीही कधीही घेऊ शकतो, पहिल्या वाचनाचा गेला की गेला. लेखकाने दोन-दोन वर्षं घालून एक गोष्ट दडवून ठेवली आणि आपण ती एका परिच्छेदात उघडी करून टाकायची हे मला बरोबर वाटत नाही, मग पुस्तक कितीही सुमार असू दे.

आणि इशाऱ्याने काही होत नाही. डोळा खाली जातोच. एखादं नाव दिसलं, "मेलेला नाही" एवढे दोन शब्द दिसले तरी संपलं. बरं, लोक ते पुढे पाठवताना इशारा गाळतात आणि मजकूर तेवढा पाठवतात.

लंडनमध्ये 'द माऊसट्रॅप' नाटक 1952 पासून चालू आहे आणि प्रयोग संपला की प्रेक्षकांना विनंती करतात की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. सात दशकं लोक बऱ्यापैकी पाळतायत. हे प्रेमाने पाळलं जातं, कोणाच्या धाकाने नाही. परीक्षकाने "उलगडा आधी पेरलेल्या गोष्टींतून येत नाही, बाहेरून आणून चिकटवलाय" असं लिहिलं तर मला तेवढं पुरतं.

पानउलट
@निशाचर, "चिकटवलाय" हे तुमचं मत झालं, दुसरा म्हणणार चपखल बसलाय. मी कोणाचं ऐकू? परीक्षकाने कारण दिलं तरच त्याचं मत तपासता येतं, आणि कारण तर शेवटातच आहे. नुसत्या "चिकटवलाय"वर चांगलं पुस्तकही मारलं जाऊ शकतं हेही बघा, त्या लेखकाने बाजू मांडायची कशी?

कोडेप्रेमी
मी निशाचर यांच्या बाजूने, पण कारण थोडं वेगळं. मी मुख्यतः कोड्यासारख्या रहस्यकथा वाचतो, जुन्या इंग्रजी आणि आता अनुवादातून येणाऱ्या जपानी. यांच्यात वाचक हा नुसता ऐकणारा नसतो, तो स्वतः तपास करत असतो. एलरी क्वीनच्या 1929 पासूनच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत उलगड्याच्या आधी चक्क एक पान असायचं, वाचकाला आव्हान देणारं, की सगळे धागे आता तुमच्या हातात आहेत, सोडवा. मी त्या पानावर पुस्तक बंद करून ठेवतो, मागे जाऊन वेळा जुळवतो, कोण कुठल्या दारातून आलं ते कागदावर मांडतो, कधी कधी आठवडा जातो यात आणि तो माझा सगळ्यात आवडता आठवडा असतो. उत्तर आधीच कळलं तर हा अख्खा खेळच माझ्या हातातून जातो, आणि अशा पुस्तकात खेळ सोडून फार काही नसतंही.

मात्र पानउलट यांचं एक पटतं. उत्तर तपासायला हवं. वेळापत्रकात चूक असेल, विषाचा परिणाम लेखक म्हणतो तसा होतच नसेल, तर ते कुणीतरी लिहून ठेवलं पाहिजे. फक्त ते वाचून झालेल्यांनी वाचून झालेल्यांसाठी लिहावं, पुस्तक घ्यावं का हे ठरवणाऱ्यासाठी नाही. दोन वेगळे लेख आहेत हे, एकात कोंबू नका.

अर्ध्यावरून_पुढे
सगळे शेवट शेवट करताय पण गेल्या पंधरा वर्षांत ज्या पुस्तकाने हा सगळा बाजार बदलला त्या गिलियन फ्लिनच्या 'गॉन गर्ल'मध्ये (2012) मोठी कलाटणी शेवटी नाहीच, ती जवळपास मध्यावर आहे! कलाटणी काय ते सांगत नाही. पण त्यानंतरचं अर्धं पुस्तक हेच खरं पुस्तक आहे, लग्न म्हणजे काय, दोघं एकमेकांसमोर कोणता चेहरा लावतात, राग किती थंडपणे साठवता येतो, हे सगळं तिथे आहे. आणि आजही त्याचं परीक्षण वाचा, पहिल्या अर्ध्याबद्दल भरभरून आणि मग "यापुढे सांगता येणार नाही". म्हणजे जे पुस्तक आपण सगळे मोठं मानतो त्याच्या मोठेपणाबद्दलच कोणी बोलत नाही.

परिणाम असा झाला की नंतर आलेल्या लेखकांनी आणि प्रकाशकांनी त्यातून फक्त कलाटणी उचलली. मलपृष्ठावर "असा ट्विस्ट तुम्ही कधी वाचला नसेल" छापायचं, बस. फ्लिनने त्या कलाटणीमागे दोन माणसं उभी केली होती, ती कोणी उचललीच नाहीत, कारण त्यांच्याबद्दल कोणी लिहिलंच नव्हतं. मी पानउलट यांच्या बाजूने, शंभर टक्के.

निशाचर
@अर्ध्यावरून_पुढे, तुम्ही आता "मध्यावर कलाटणी आहे" असं सांगितलंत ना, ज्याने ते पुस्तक वाचलं नाही तो आता मध्यापर्यंत कोणावरही विश्वास ठेवणार नाही. ट्विस्ट आहे एवढं सांगणं हासुद्धा स्पॉयलर असतो. हे प्रकाशकांनाही लागू, मलपृष्ठावरची ती ओळ मला सगळ्यात जास्त खुपते, कारण मग मी गोष्ट वाचतच नाही, नुसता सापळा शोधत बसतो.

साधा_वाचक
2011 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या लेविट आणि क्रिस्टनफेल्ड यांचा अभ्यास आला होता. लोकांना बारा कथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधी सांगून, काहींना न सांगता. शेवट माहीत असलेल्यांना कथा थोड्या जास्तच आवडल्या, रहस्यकथासुद्धा. म्हणजे आपण ज्याला एवढं घाबरतो त्याने मजा जातेच असं नाही.

कोडेप्रेमी
@साधा_वाचक, त्या लघुकथा होत्या, एका बैठकीत संपणाऱ्या. चारशे पानांची कादंबरी रात्री रात्री जागून वाचणं वेगळं. शिवाय 2015 मध्ये जॉन्सन आणि रोझेनबॉम यांनी असाच अभ्यास केला तर उलट निघालं, शेवट माहीत असलेल्यांना कमी मजा आली. तेव्हा विज्ञानाने निकाल दिला असं धरून चालू नका.

साधा_वाचक
ठीक, निकाल म्हणत नाही. पण अनुभव बघा. 1931 मध्ये फ्रान्सिस आइल्सची 'मॅलिस अफोरथॉट' आली, तिच्या पहिल्याच वाक्यात कळतं की डॉक्टरने बायकोला मारायचं ठरवलंय. पुढचं सगळं पुस्तक आपण "हा खरंच करणार का, पकडला जाणार का" यावर वाचतो. सिनेदिग्दर्शक हिचकॉक म्हणायचा तेच. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल तर पंधरा सेकंदांचा धक्का, माहीत असेल तर पंधरा मिनिटांचा ताण. जपानी लेखक हिगाशिनोच्या 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'मध्येही (2005) खून कोणी केला ते सुरुवातीलाच दिसतं, तरी पुस्तक खाली ठेवता येत नाही.

निशाचर
आइल्स आणि हिगाशिनो यांनी काय उघड करायचं आणि कधी करायचं ते स्वतः ठरवलं होतं. बॉम्ब दिग्दर्शकाने दाखवला, शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने कानात सांगितला नाही. आणि हिगाशिनोबद्दल तर मी एकच म्हणेन, खुनी पहिल्या काही पानांत कळतो म्हणून आपल्याला सगळं कळलं असं समजून ते पुस्तक वाचू नका. याच्यापुढे एक शब्द बोलणार नाही.

अमावस्या
भयकथावाली बोलतेय, कारण या वादात आमचा कोणी विचार करत नाही. भयकथेत खुनी कोण हा प्रश्नच नाही. आमचा प्रश्न असतो की जे आहे ते खरंच आहे की बघणाऱ्याच्या मनात, आणि लेखक ते शेवटी सांगतो का. हल्लीच्या बऱ्याच भयकादंबऱ्या शेवटी सगळं समजावून सांगतात, भूत कोणाचं, कसं मेलं, त्याला काय हवंय, कुठल्या उपायाने जाईल. भीती तिथेच संपते. अडीचशे पानं ज्या जिन्याकडे बघवत नव्हतं तो जिना एकदम साधा जिना होतो. शर्ली जॅक्सनने 'हिल हाउस'मध्ये (1959) पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकलंय की हे घर शहाणं नाही, आणि नेमकं काय चालतं तिथे ते शेवटपर्यंत हाताला लागू देत नाही. म्हणून ते अजून भिववतं.

तेव्हा मला परीक्षणात हे हवंच असतं, उलगडा करून टाकलाय की नाही. कोणाच्या मते हा स्पॉयलर असेल, माझ्यासाठी पुस्तक घ्यायचं की नाही याचं उत्तर आहे.

आणि शेवटाबद्दल बोलण्याने पुस्तक मरत नाही, कधी कधी जगतं. हेन्री जेम्सची 'द टर्न ऑफ द स्क्रू' 1898 ची. 1934 मध्ये समीक्षक एडमंड विल्सनने लिहिलं की भुतं खरी नाहीतच, ती मुलांच्या शिक्षिकेच्या मनातली आहेत. त्यावर अजून भांडतायत लोक. तो लेख शेवट झाकून लिहिता आला असता का? मी तो वाद आधी वाचला आणि पुस्तक नंतर, आणि प्रत्येक पानावर मला दोन दोन गोष्टी दिसत होत्या, ती बाई म्हणते ती आणि विल्सन म्हणतो ती, आणि दोन्ही तितक्याच भयानक.

निशाचर
त्याच विल्सनने 1945 मध्ये 'न्यू यॉर्कर'मध्ये लेख लिहिला, रॉजर अ‍ॅक्रॉइडला कोणी मारलं याच्याशी कोणाला काय देणंघेणं असा त्याचा मथळा, आणि अख्ख्या रहस्यकथा प्रकाराला वेळेची नासाडी ठरवलं. म्हणून मला भीती वाटते. शेवटाची चिरफाड करणाऱ्यांना हळूहळू रहस्याची किंमतच उरत नाही.

अमावस्या
विल्सनला रहस्यकथा आधीपासूनच आवडत नव्हत्या. इथे चिरफाड मागणारे सगळे रात्री दोनपर्यंत दिवा न मालवणारे लोक आहेत.

खिडकीजवळची
एक बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितेय. मी काही वर्षांपूर्वी फार जवळचं माणूस गमावलं, आणि त्यानंतर लहान मुलाचा मृत्यू असलेलं पुस्तक माझ्याच्याने वाचवत नाही. थ्रिलरमध्ये हे, आणि बायकांवरचे अत्याचार, नुसते धक्क्यासाठी सर्रास वापरले जातात. परीक्षक "रहस्यभंग नको" म्हणून गप्प बसतात आणि मी दोनशेव्या पानावर जाऊन आदळते. मला खुनी कोण ते नकोय. पण पुढे काय वाढून ठेवलंय ते मला आधी कळलं पाहिजे, रहस्यापेक्षा ते महत्त्वाचं.

निशाचर
@खिडकीजवळची, याबद्दल माझं काहीच दुमत नाही. असे इशारे द्यायलाच हवेत, अगदी त्यातून थोडं रहस्य फुटलं तरी. फक्त मजकुरापासून वेगळे ठेवावेत, ज्याला हवे त्याने उघडावेत.

पानउलट
चला, म्हणजे रहस्यापेक्षा मोठ्या गोष्टी असतात इथपर्यंत आलो आपण. मग माझं म्हणणं त्याच वाटेवरचं आहे. वाचकाचा वेळ, त्याचा विश्वास, हेही रहस्यापेक्षा मोठंच. जी परीक्षणं पुस्तक बाजारात यायच्या आधी मोफत प्रत घेऊन लिहिली जातात ती बघा, सगळ्यांत तीच चार विशेषणं, आणि शेवट वाईट होता हे कळायला पुढचे काही महिने जातात, तोवर पुस्तक विकून झालेलं असतं. रहस्य जपायच्या नावाखाली हे झाकलं जातंय. कोडेप्रेमींचं दोन वेगळ्या लेखांचं मला चालेल, पण दुसरा लेख कोणी लिहितच नाही हो! पहिला लिहून स्टार दिले की सगळे पुढच्या पुस्तकाकडे.

कोडेप्रेमी
मग सुरू करू. ज्यांनी वाचलंय त्यांच्यासाठी इथेच चर्चेचा वेगळा धागा, शीर्षकात पुस्तकाचं नाव आणि "पूर्ण वाचलेल्यांसाठीच", आत काहीही झाकायचं नाही. पहिलं 'सस्पेक्ट एक्स' घ्या. त्यातला उलगडा नॉक्सच्या नियमांत बसतो की वाचकापासून काहीतरी लपवलंय, यावर मला बरंच लिहायचंय, पानांसकट.

निशाचर
त्या धाग्यावर मी येईन, आणि लपवलेलं नाही हे दाखवून देईन. पण शीर्षकात "लपवलंय का" वगैरे काही नको, नुसतं पुस्तकाचं नाव.