मदत हवी आहे: रुपया एक, ग्रेड तीन

नमस्कार मंडळी. माझ्याकडे व्हिक्टोरिया राणीचा १८६२ चा चांदीचा रुपया आहे. पहिल्यांदा ग्रेडिंगला (नाण्याची अवस्था तपासून आकडा देणाऱ्या कंपनीकडे) पाठवला, एयू ५८ (म्हणजे किंचित झीज) आला. राणीच्या गालावर मला भिंगातूनही झीज दिसेना, म्हणून स्लॅब (कंपनी नाणं ज्यात सीलबंद करते ती प्लास्टिकची डबी) फोडून त्याच कंपनीकडे परत पाठवला: एमएस ६२ (म्हणजे झीज नाही)! मग हाव सुटली (कबूल). तिसऱ्यांदा आकडाच नाही, नुसता ‘साफ केलेले’ असा शेरा. मी तर त्याला साधा कापूसही लावलेला नाही.

५८ की ६२, हे झीज आहे की नाही यावर आणि शेवटी नजरेवर ठरतं, ते समजू शकतो. पण साफसफाई आधी दोनदा कशी दिसली नाही? जुनी लेबलं, फोटो जपून ठेवलेत. त्यावर फेरतपासणी मागावी, की न फोडता दुसऱ्या कंपनीकडे पाठवावा? कुणी केलंय का असं?