पालकसभेत वही उघडली तेव्हा… तुमचे अनुभव सांगा

सहामाहीचा निकाल लागला की पालकसभा येते आणि बहुतेक ठिकाणी ती दोन वाक्यांत आटोपते: 'हुशार आहे, पण मस्ती फार' आणि 'घरी जरा लक्ष द्या'. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे वर्षभर मुलाच्या कामाच्या नोंदी ठेवून श्रेणी द्यायची पद्धत, आलं, तेव्हापासून आमच्याकडे मुलाबद्दल कागदांना तोटा नाही. तरी बोलणं श्रेणीपाशीच अडतं. नोंदी, वह्या, हजेरीपट समोर ठेवून बोललात आणि त्यातून काही निघालं, असं घडलं असेल तर लिहा. शिक्षक, पालक, आजी-आजोबा, कुणीही.

सुरुवात मी करते. एक वडील, भाजीचा गाडा लावतात. आले तेच म्हणत, "ह्याला गणित येत नाही, मॅडम." मी वही उघडली. 568 वजा 243, बरोबर. त्याखाली 402 वजा 157, उत्तर 355. पुढच्या पानावरही तीच गत. पोरगा प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढत होता, वरचा कुठला नि खालचा कुठला हे न बघता. वडिलांनी बोट ठेवून पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे वजाबाकी येते की. नोट मोडायची राहिली फक्त." हातचा मी इतक्या सोप्या शब्दांत कधीच शिकवला नव्हता. पुढे गाड्यावर सुटे पैसे द्यायचं काम पोराकडे आलं.

एक आई, पुणे
आमच्या शाळेचं सगळं ॲपवर. गुण, शेरे, फोटो, सगळं मोबाईलवर येतं, आणि भेटीला जेमतेम दहा मिनिटं. त्यातली निम्मी टीचर तेच गुण वाचून दाखवण्यात घालवत. मग मी आधीच निरोप पाठवायला लागले: 'गुण पाहिलेत, निबंधाची वही पाहायची आहे.' वहीत दिसलं की लेक सुरुवात झकास करते आणि चौथ्या-पाचव्या ओळीला गुंडाळते. हे 'ब-1' वरून कसं कळणार होतं?

एक बाबा, ठाणे
बऱ्याच पालकांना माहीत नसतं म्हणून लिहितो. राज्याच्या मूल्यमापन पद्धतीत तिसरी-चौथीला 100 पैकी 60 गुण आकारिकचे, म्हणजे वर्गातल्या कामाचे, आणि संकलितचे, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे, 40. पहिली-दुसरीला हेच 70 आणि 30. आपण बघतो फक्त बेरीज. मुलाच्या बाईंनी बेरीज झाकून आकारिकचे रकाने वेगवेगळे दाखवले. तोंडीकाम, प्रकटवाचन, प्रयोग. तोंडी उत्तरांत वर्गात पुढे, वाचनात आणि लेखी चाचणीत तळाला, आणि हे सलग दोन्ही सत्रांत. "आळशी असता तर तोंडीही पडला असता," एवढंच त्या म्हणाल्या. तोवर घरात 'आळशी' हाच शब्द होता. तपासणी करून घेतली, अध्ययन अक्षमता निघाली. आता प्रत्येक भेटीत मी आधी रकाने मागतो.

निवृत्त मुख्याध्यापक
वरचं वाचून बरं वाटलं, पण दुसरी बाजूही सांगतो. वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या बाजारात मिळतात, मोबाईलवर फिरतात. 'उपक्रमात आवडीने सहभागी होतो' हे वाक्य मी एकाच वर्गात पंचवीस मुलांपुढे पाहिलं आहे, त्यात महिनाभर गैरहजर असलेला एक. मी सही केली नाही. पण शिक्षकाला तरी दोष किती द्यावा? दोन इयत्ता एका खोलीत, वर ऑनलाइन माहिती भरा. माझं मत असं की आठवड्याला चारच मुलांच्या नोंदी लिहा, पण डोळ्यांनी पाहिलेल्या लिहा. पालकाला एक खरी ओळ पुरते.

शिक्षिका, मराठवाडा
आमच्याकडे वहीपेक्षा हजेरीपट जास्त बोलतो. चौथीतली एक मुलगी भागाकारात मागे होती. आई म्हणे, रोज शाळेला येते. खोटं नव्हतं, तिच्या हिशेबी ती रोजच येत होती. हजेरीपट तिच्यापुढे आडवा धरला तर गैरहजेरीचे खाडे एकाखाली एक, सगळे मंगळवारचे. "बाजार असतो ना बाई, धाकट्याला कुणी धरायचं?" धाकटा तीन वर्षांचा झाला होता, अंगणवाडीत नाव घातलं. आणि नवा घटक मंगळवारी काढायचा नाही, हे मी ठरवलं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं मात्र असं सुटत नाही. दिवाळीनंतर हजेरीपटातली ओळच कोरी होते, आणि ज्यांच्याशी बोलायचं ते फडावर असतात.

एक आई, इंग्लंड
इथे पालकभेटीआधी मुलाच्या वह्या बाहेर मांडून ठेवतात, आपण वाट बघत चाळायच्या. आत गेल्यावर 'अपेक्षित पातळीच्या दिशेने' असा गुळमुळीत शेरा ऐकला, तरी हातात वही असल्याने मला विचारता आलं: या पानावर नेमकं काय कमी आहे? सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर तेच पान दाखवलं. त्यांचा पहिला प्रश्न, "बाकीच्यांना किती?"

एक बाबा, सांगली
धागाकर्त्या मॅडमना एक विचारायचं होतं. तुलनेसाठी दुसऱ्या मुलाची वही दाखवता का? आमच्याकडे दाखवतात, आणि घरी आल्यावर पोरगं दोन दिवस जेवत नाही नीट.

धागाकर्ती
नाही, कधीच नाही. त्याचीच जूनची वही जपून ठेवते आणि दिवाळीनंतरची शेजारी उघडते. मुलालाही सोबत बसवते, आधी त्यालाच सांगू देते. तुमच्या गुरुजींकडे जूनची वही मागून बघा. रद्दीत गेली नसेल तर देतील.