डीएनएत अर्धवट लिहायचं आणि आरएनएत दुरुस्त करायचं, हे परजीवी असं का करतात?

रानवाट:
मी पशुवैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात क्लिनिकला एक म्हैस आली होती, ताप होता आणि सारखी गोल गोल फिरत होती, सरांनी कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेतलं, काचपट्टीवर ठेवून लगेच मायक्रोस्कोपखाली धरलं आणि मला बघायला बोलावलं. आधी तांबड्या पेशी नुसत्याच हलताना दिसल्या, नीट बघितलं तर त्यांना ढुशा देत काहीतरी बारीक वळवळत होतं. सर्रा हा आजार. तो करणारा परजीवी, ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय. तेव्हापासून मिळेल ते वाचतेय आणि एका ठिकाणी अडकलेय. या कुळातल्या जिवांच्या मायटोकॉन्ड्रियातले काही जीन अर्धवटच असतात म्हणे, आरएनए बनल्यावर त्यात यू अक्षरं घालून घालून तो वाचण्याजोगा करतात. पण का? जीनमध्येच नीट लिहिलं असतं तर एवढी उठाठेव कशाला? फुकटचा खर्च उत्क्रांतीत टिकत नाही असंच शिकलोय ना आपण?

पेट्रीडिश:
आधी काय होतं ते सांगतो, का होतं ते दुसरं कोणी सांगेल. १९८६ ला ॲमस्टरडॅममध्ये रॉब बेन आणि त्यांचे सहकारी ट्रिपॅनोसोमा ब्रुसीचा (आफ्रिकेतल्या झोपेच्या आजारवाला, तुझ्या सर्रावाल्याचा पूर्वज) कॉक्स-टू हा जीन तपासत होते. जीनमध्ये वाचायची चौकट (अक्षरं तीन-तीनच्या गटात वाचली जातात ती) मध्येच सरकलेली, त्यावरून धड प्रोटीन बनणं शक्य नाही. आरएनएत मात्र चार यू जास्तीचे, जे डीएनएत कुठेच नाहीत, आणि त्या चारांनी चौकट बरोबर जागेवर येते! दोन वर्षांनी कॉक्स-थ्रीचं कळलं, त्यात तर ५४७ यू घातलेले आणि ४१ काढलेले, म्हणजे तयार आरएनएचा निम्म्याहून जास्त मजकूर मूळ जीनमध्ये नाहीच.

समज कोणीतरी सगळे काने गाळून लिहिलंय, "कमल". आता हे कमाल, कामाला की खरंच कमल? सांगणारं कोणीतरी हवं. ते काम गाइड आरएनए करतात, ते १९९० मध्ये लॅरी सिम्पसन यांच्या लॅबमध्ये लेश्मानिया या याच कुळातल्या परजीवीत सापडले. छोटासा तुकडा, त्याचं एक टोक एमआरएनएला (ज्यावरून प्रोटीन बनतं त्या आरएनएला) चिकटतं, पुढे जिथे जोडी जुळत नाही तिथे एन्झाइम एमआरएनए कापतं, दुसरं एन्झाइम यू घालतं किंवा काढतं, तिसरं सांधून टाकतं, मग पुढची जागा, आणि हे सगळं तीन-प्राइम टोकाकडून, म्हणजे शेवटाकडून, उलटं चालतं. या गाइडचे जीन बहुतेक करून मिनिसर्कलमध्ये, म्हणजे डीएनएच्या हजारो बारक्या कड्या, चिलखतासारख्या एकमेकींत अडकवलेल्या. गिम्सा (पेशी रंगवायचा रंग) केलेल्या स्लाइडवर केंद्रकापासून लांब, मागच्या टोकाला जो गडद ठिपका दिसतो ना, कायनेटोप्लास्ट, तो हाच.

बुरशी:
"का" वर मी लिहिते, माझा जीव आहे या विषयावर. तुझ्या प्रश्नात एक गृहीत धरलंयस, की टिकलंय म्हणजे फायद्याचं असणार. कोव्हेलो आणि ग्रे या संशोधकांनी १९९३ मध्ये वेगळी मांडणी केली. आधी कापणारी-सांधणारी एन्झाइम्स दुसऱ्याच कामासाठी पेशीत होती. त्यांच्यामुळे आरएनएत योगायोगाने दुरुस्ती होऊ शकायची, पण तेव्हा तिची गरजच नव्हती. मग एखाद्या जीनमधून एक टी (आरएनएतल्या यूच्या जागी डीएनएत असणारं अक्षर) गळाला. एरवी तो जीव मेला असता, पण दुरुस्ती हाताशी होती म्हणून जगला. मग दुसरा गळाला, मग दहावा. आता दुरुस्ती बंद करून बघ, लगेच मरण, आणि मागे जायचं तर सगळे टी नेमक्या जागी परत यायला हवेत, ते कुठून येणार? यात कुठल्याच पायरीवर फायदा लागत नाही, नुसतं अडकत जाणं आहे. मला तरी हेच पटतं. काहीजण म्हणतात की गाइड मिनिसर्कलवर विखुरल्यामुळे रक्तात असताना न लागणारे जीनसुद्धा हरवत नाहीत, आणि हे मी उडवून लावणार नाही, पण ते टिकण्याचं कारण झालं, सुरुवातीचं नव्हे. आणि हरवतातही! पालीत राहणाऱ्या लेश्मानिया टॅरेन्टोलेचा एक स्ट्रेन (वाण) वर्षानुवर्षं लॅबमध्ये वाढवला, त्यातून कितीतरी गाइड गायब झाले आणि काही जीनचं एडिटिंगच (म्हणजे ही यूची दुरुस्ती) बंद पडलं, कारण बाटलीत त्यांची गरज नव्हती.

गोठा:
बुरशीताई, त्या बाटलीतल्यासारखंच रानात घडलंय आणि रानवाटने तेच बघितलंय. ब्रुसीला त्सेत्से माशीत वाढायला ते एडिट झालेले जीन लागतात. इव्हान्सायने त्सेत्से सोडली, आपल्याकडे तो घोडमाशीच्या तोंडाला लागलेल्या रक्तातून थेट या जनावरातून त्या जनावरात जातो. मॅक्सिसर्कल, म्हणजे जे दुरुस्त करायचे ते जीनच, त्याने गमावलेत. मिनिसर्कल उरलेत तेही जवळपास एकाच छापाचे, काही स्ट्रेनमध्ये तर ठिपकाच नसतो. एटीपी सिंथेज या ऊर्जेशी संबंधित एन्झाइमच्या केंद्रकातल्या एका जीनमध्ये बदल झाला म्हणून याशिवाय भागतं. आणि ब्रुसीच्या असा डीएनए गमावलेल्या स्ट्रेनमध्येसुद्धा एडिटिंगची प्रोटीन्स अजून बनतात आणि चालतातही, कारण त्यांचे जीन केंद्रकात आहेत. काम गेलं, अवजारं राहिली.

अजून एक, हे आपल्या घरचं आहे. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात इव्हान्साय सापडला. माणसाला सहसा होत नाही, कारण आपल्या रक्तातलं एपीओएल-वन हे प्रोटीन त्याला मारतं. त्यांच्यात ते नव्हतंच, जीनच्या दोन्ही प्रतींमध्ये वाचायची चौकट सरकलेली. अगदी कॉक्स-टूसारखीच चूक, पण आपल्या पेशीत यू घालून ती सावरणारं कोणी नाही. सुरामिन हे औषध देऊन ते बरे झाले.

रानवाट:
हे वाचून अंगावर काटा आला. चौकटीचं मी पाठ केलेलं होतं, ते एका माणसाच्या तापापर्यंत जाईल असं वाटलं नव्हतं. ताई, "टिकलंय म्हणजे फायद्याचं" हे मी खरंच धरून चालले होते. सरांनी त्या दिवशी एक स्मिअरही (काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) काढून ठेवला होता, मिथेनॉलमध्ये फिक्स केलेला आहे. उद्या परवानगी घेऊन गिम्सा करते आणि ठिपका आहे का बघते. दिसला तर इथे फोटो टाकते, नाही दिसला तरी टाकते.