मदत हवी आहे: ॲट्रॉसिटीचा गुन्हा, पण नोंदवली नुसती एनसी (अदखलपात्र नोंद)

पुण्यात कात्रजला पार्किंगच्या वादात आमच्या शेजारच्या पोराला चारचौघांत जातीवरून शिवीगाळ झाली, मारहाणही. तो अनुसूचित जातीचा. चौकीत एनसी लिहून वर 'मिटवून टाका'! ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम 18अ प्रमाणे एफआयआरला प्राथमिक चौकशी लागत नाही ना? 14566 हेल्पलाइनवर कळवलंय. आता एसीपींना लेखी अर्ज द्यावा की थेट आयुक्तालयात जावं? पोच कशी घ्यायची? शिवाजीनगर कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील कुणी घेतलाय का? सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज पुसलं जाण्याआधी हलायला हवं. पोरगा खोलीबाहेर येत नाही, जेवणाचं ताट तसंच परत येतं. मराठीत बोलणारा चांगला समुपदेशकही सुचवा. समजुतीने घ्यायचे सल्ले कृपया नकोत, ते चौकीत मिळालेत.