काचेचे मणी दोन दिवसांनी तडकतात

कोथरूडला घरी गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीवर काच वितळवून मणी करते. मऊ काच, १०४ सीओई (म्हणजे काच तापल्यावर किती प्रसरण पावते त्याचा आकडा). व्हर्मिक्युलाइटमध्ये (उष्णता धरून ठेवणाऱ्या खनिजाच्या हलक्या दाण्यांत) गार करूनही नंतर तडे जातात. पुण्यातल्या बोहरी आळीच्या बाजारात माल द्यायचाय. काय चुकतंय?

उत्तर १:
ताई, व्हर्मिक्युलाइटमुळे मणी सावकाश गार होतो, पण काचेतला ताण तसाच राहतो. भट्टीच हवी. साधारण ५१० अंश सेल्सिअसला पाऊण तास, मग ताशी ६० अंशांनी ३७० पर्यंत उतरवा आणि बंद करा. दार मात्र पूर्ण गार झाल्यावरच उघडा.

उत्तर २:
बांगडीची किंवा बाटलीची काच मिसळता का? प्रसरण वेगळं असेल तर भट्टीनंतरही जोडावर तडा जातो. पारदर्शक मणी काटकोनात धरलेल्या दोन पोलरायझिंग फिल्ममधून बघा. जोडाशी उजेड दिसला, तर तो माल देऊच नका.

उत्तर ३:
मणी सळीला चिकटू नये म्हणून सळीला लावलेला लेप भोकात उरतो; तो पाण्याखालीच डायमंड रीमरने (हिऱ्याची पूड बसवलेल्या बारीक कानशीने) काढा. कोरडी धूळ फुप्फुसांना घातक असते.