मदत हवी आहे: रुग्णांच्या नोंदी कोणाला किती दिसाव्यात?

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी छोटं हॉस्पिटल आहे, तिथलं ऑफिस मी बघते. नोंदी कॉम्प्युटरवर आल्या, पण नर्सिंग स्टेशनला सगळ्या सिस्टर एकाच लॉगिनवर काम करतात आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला! गाव लहान, वॉर्डबॉय शेजारच्याच आळीतला. एचआयव्हीचा रिपोर्ट किंवा गर्भपाताची नोंद अशी उघडी राहणं बरोबर नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात तर गोपनीयतेचं बंधन स्पष्ट आहे.

कामाप्रमाणे वेगळी लॉगिनं द्यायचं ठरतंय. रिसेप्शनला नाव, अपॉइंटमेंट, बिल. लॅबला फक्त तपासण्या. इथवर सोपं. घोडं अडतं रात्रपाळीला. एकच सिस्टर दोन वॉर्ड बघते, मध्येच इमर्जन्सी आली की दुसऱ्या वॉर्डची फाइल लगेच लागते. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, कारण टाइप करून फाइल उघडता येईल, नोंद लॉगमध्ये, म्हणजे कोणी कधी काय उघडलं त्या यादीत, राहील. पण तो लॉग रोज तपासणार कोण? डॉक्टरांना वेळ नाही.

तुमच्याकडे हे कोण बघतं? आणि सामायिक कॉम्प्युटरवर पटकन लॉगिन बदलायला कार्ड बरं की बोटाचा ठसा? ग्लोव्हज घातलेले असतात, म्हणून विचारते. नोकरी सोडून गेलेल्यांची लॉगिनं त्याच दिवशी बंद होतात का, तेही सांगा.